मागचा लाल दिवा

आमच्या घरातला माग बंद झाला तेव्हा घर एकदम मोठं झालं आणि मुकंही झालं. समोरच्या खोलीत जमिनीत खड्डा होता. त्यात पाय सोडून बाबा बसायचे आणि दिवसभर खटक-खटक चालायची. त्या आवाजात मी झोपेतून उठायचे, त्याच आवाजात पाढे पाठ केले, आणि तो मध्येच थांबला की आई स्वयंपाकघरातून विचारायची, धागा तुटला का. तुटलेलाच असायचा. बाबा दोन्ही टोकं चिमटीत धरायचे, ओठांनी ओली करायचे, अंगठ्यावर एक पीळ द्यायचे, की माग पुन्हा सुरू. कुठे सांधलं ते नंतर त्यांनाही सापडत नसे. सक्करदऱ्याच्या आमच्या गल्लीतले माग एकेक करून थांबले. आमचा अगदी शेवटी थांबला, याचा बाबांना अभिमान होता. तो कशाचा होता ते मला अजून कळलेलं नाही. मागाची लाकडं विकली, खड्ड्यावर फळ्या टाकल्या, फळ्यांवर सतरंजी, आणि सतरंजीवर बसून मी बारावीचा अभ्यास करू लागले. खाली उंदरांनी संसार थाटला. सूत ताठ राहावं म्हणून त्याला तांदळाची खळ लावतात. वर्षानुवर्षं ती खळ त्या खड्ड्यात गळून सुकली होती, त्यामुळे उंदरांना त्याहून चांगली जागा अख्ख्या नागपुरात मिळाली नसती. मी वर भौतिकशास्त्र वाचायचे आणि खाली त्यांची कुरतड चालायची.

माग थांबले तशी गल्लीतली पुरुषमाणसं भिवंडीला जाऊ लागली. तिकडे यंत्रमाग होते. माझा मामा आधीच गेला होता आणि दर येणाऱ्या माणसाबरोबर निरोप पाठवायचा की दाजींना पाठवा, जागा धरून ठेवली आहे. जाणारा माणूस होळीला येईन म्हणून जायचा आणि दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीला यायचा, खोकत. काही जण आलेच नाहीत. आई मामाचा निरोप ऐकून घ्यायची, आणणाऱ्याला चहा द्यायची आणि तो गेला की कप जरा जास्तच जोरात विसळायची. बाबा जाऊ नयेत, एवढी एकच गोष्ट त्या काळात आम्हां दोघींना हवी होती. पास होणं, कॉलेज, नवी चप्पल, हे सगळं त्याच्या मागे.

म्हणून टेम्पो आला. आईच्या हातातलं होतं नव्हतं ते सोनं गेलं आणि दारात एक तीनचाकी मालाचा टेम्पो उभा राहिला. जुना होता, तिसऱ्या की चौथ्या मालकाचा, आणि रंग असा की त्याला कुठलंच नाव देता येऊ नये. बाबा चालवायला शिकले. पन्नाशीकडे आलेला माणूस, आयुष्यभर एका जागी बसून काम केलेला; पण शिकले. कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत खोकी बनवण्याचा एक कारखाना होता, तिथल्या सुपरवायझरशी बोलणं झालं होतं. रोजची फेरी मिळणार होती, दिवाळीनंतर. त्याची अट एकच होती. पहाटे अंधारात गेटवर यायचं आणि दिवस बुडाल्यावर माल घेऊन परतायचं, त्या रस्त्याला ट्रक फार, तेव्हा गाडीचे दिवे झकास पाहिजेत. तो स्वतः पाहणार आणि मगच हो म्हणणार. आईनं हे ऐकलं आणि त्या दिवशी पाटवडीचा रस्सा केला. फेरी मिळाली तर बाबा घरी राहणार, नाही मिळाली तर भिवंडी. इतकं सोपं गणित मला बारावीच्या पुस्तकातही सापडलं नाही.

आणि दिव्यांनी नेमका तेव्हाच दगा दिला. म्हणजे उंदरांनी दिला. टेम्पो भिंतीला लागून उभा असायचा, भिंतीत मागाच्या खड्ड्याकडे जाणारी भोकं होती. एका सकाळी सीटखालचा वायरींचा जुडगा अर्धा कुरतडलेला मिळाला. सगळ्या वायरी तिथूनच पुढे-मागे जात होत्या. बाबांनी जुडगा हातात घेतला, उलटसुलट केला आणि चक्क हसले. तुटलेलं सांधायचं म्हणजे आपलाच धंदा, त्याला मिस्तरी कशाला, असं त्यांचं म्हणणं पडलं. दुपारभर ते सीट उचलून वाकून बसले होते. मी शाळेतून आले तेव्हा काम झालेलं होतं आणि दिसत फार सुंदर होतं. एकेक वायर पिळून सांधलेली, पिळाला लागून पीळ, सगळे एका ओळीत, आणि त्यांच्यावर... मी बोट लावून पाहिलं. खळ होती. तारांची बारीक टोकं वर येऊ नयेत म्हणून त्यांनी आईकडून घट्ट खळ शिजवून घेतली होती आणि प्रत्येक सांध्यावर चोपडली होती, जशी सुतावर चोपडतात. तिच्यावर चिंध्यांच्या पट्ट्या गुंडाळल्या होत्या. दुसऱ्या दिवशी उंदीर परत आले. यावेळी जेवायलाच आले. आई कपाळावर हात मारून म्हणाली, "आंधळं दळते अन् कुत्रं पीठ खाते." बाबाही हसले. पुन्हा सांधलं, यावेळी वर चिकटपट्टी लावली. पण खळ लावायची ती लावलीच.

त्यानंतर टेम्पोच्या अंगात काय शिरलं देव जाणे. ब्रेक दाबला की मागचा दिवा लागायच्या ऐवजी समोरचा डावा इंडिकेटर मिणमिणायचा. डावा इंडिकेटर द्यावा तर मागचा उजवा लाल दिवा डोळे मिचकावायचा. समोरचे मोठे दिवे लावले तर हॉर्नचा आवाज बसायचा, आणि ते दिवे तरी कसे, तेल संपत आलेल्या कंदिलासारखे. उमरेड रोडला एक ऑटो-इलेक्ट्रिकवाला होता, त्याच्याकडे गेलो. त्यानं एका बल्बला दोन वायरी जोडलेलं एक खेळणं काढलं, इथे तिथे टोचलं, सांध्याचा वास घेतला, आणि आमच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की बाबांनी मान वळवली. पूर्ण वायरिंग काढून नवीन टाकावं लागेल, गाडी सोडून जा, असं तो म्हणाला. आमच्याजवळ नव्या वायरिंगचे पैसेही नव्हते आणि गाडी सोडून जायची सोयही नव्हती. परत घराजवळ आल्यावर बाबा म्हणाले, "तुले शिकवते ना वं शाळेत करंट? तूच पाह्य मंग. मले त्या सीटखाली अंधारात काही दिसत नाई."

मी घाबरले. शाळेत करंट शिकवायचे ते फळ्यावर. तिथे एक बॅटरी असायची, एक बल्ब, आणि त्यांच्यामध्ये पट्टीनं काढलेली सरळ रेघ. सीटखाली होता तो सापांचा जुडगा होता. पण माझे हात बारीक होते आणि भिवंडीची भीती त्या जुडग्याहून मोठी होती. मिस्तरीच्या त्या खेळण्याची नक्कल मी घरी केली. इंडिकेटरचा जुना बल्ब, दोन वायरी, एका टोकाला चिमटा, दुसऱ्याला दाभण. चिमटा गाडीच्या लोखंडाला लावायचा आणि दाभणानं वायर टोचत जायचं. बल्ब लागला तर करंट इथवर आला, नाही लागला तर मागेच कुठेतरी अडला. त्यातलं शास्त्र एवढंच. आज विजेच्या मोटारींच्या वाइंडिंगमध्ये आयुष्य घालवून झाल्यावरही मला यापेक्षा वेगळं काही सांगता येणार नाही. जिथपर्यंत आहे तिथपासून जिथे नाही तिथपर्यंत जायचं, आणि मधली जागा कमी करत आणायची.

सांगायला सोपं आहे. नवशिक्या माणसाचे हाल कुत्रं खात नाही. आधी मी बल्बच बदलले, कारण बल्ब बदलता येतो. मग फ्यूज काढून-काढून पाहिले, त्यात एक चांगला फ्यूज मोडला. मग दाभण चुकीच्या ठिकाणी टोचलं आणि अशी ठिणगी उडाली की आई पोळपाट टाकून धावत आली. शाळेतून आलं की सीटखाली डोकं घालायचं, दिवेलागणीपर्यंत. एक बरोबर केलं की दोन बिघडायची. उजवा इंडिकेटर जिवंत झाला तर ब्रेकचा दिवा मेला. शेजारच्या बाया ओट्यावर बसून पाहायच्या आणि पोट्टीचे हात काळे झाले, आता हिचं लग्न कसं होणार, अशी काळजी मला ऐकू येईल इतक्या आवाजात करायच्या. आई दिवेलागणीला घरातला बल्ब लावून हात जोडायची, आणि मग बाहेर येऊन टेम्पोच्या समोर उभी राहायची. मी बटण दाबायचे. तो पिवळा मिणमिणाट पाहून ती तरीही हात जोडायची आणि आत जायची. भाकरी भाजल्याचा वास यायचा आणि मला जेवायला उठावंसं वाटायचं नाही. दिवाळी जवळ येत होती. मामाचा आणखी एक निरोप आला.

हे सगळं मी जाड शाईच्या पेनानं, एक ओळ सोडून लिहिते आहे. माझ्या सुनेला वाटतं मला कागद वाया घालवायची हौस आहे. कारण पुढे येईल.

मला छळत होती ती काळी वायर. मागच्या डाव्या दिव्यातून चार वायरी निघत होत्या. तीन कशासाठी ते मी शोधून काढलं होतं. चौथी, काळी, सीटखाली येऊन शेजारच्या वायरीला सांधलेली होती, आणि ती तशी का हे मला कळेना. वहीत आकृती काढली तरी जुळेना. मग एका रविवारी मी उजव्या बाजूच्या दिव्याची काळी वायर धरून निघाले, तर ती कुठल्याच वायरीला न मिळता गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर एका स्क्रूखाली जाऊन संपली. तिच्या टोकाला लहानशी कडी होती. मी तिथेच चाकाला टेकून बसले. करंट नुसता जाऊन भागत नाही, त्याला परत यावं लागतं. आणि गाडीत तो लोखंडातून परत येतो. फळ्यावरच्या आकृतीत खालची रेघ असायची ती ही. डावीकडच्या दिव्याची परतीची वाट कुणीतरी तोडून दुसऱ्याच वायरीत घातली होती, आणि बिचारा करंट घरी जायला मिळेल त्या दारातून घुसत होता, कधी समोरच्या इंडिकेटरमधून, कधी उजव्या दिव्यातून.

मी बाबांना हाक मारली आणि विचारलं, ह्या काळ्या वायरीला कडी होती का. त्यांनी जरा आठवलं. होती, म्हणाले. वायर तुटली होती आणि तिच्या समोर जुडग्यात जोडीदारच नव्हता. नुसतं एक टोक लोखंडाला लटकत होतं, तेही गंजलेलं, म्हणून काढून फेकलं.

"सुटा धागा ठेवते का कोणी?" बाबा म्हणाले. "मागावर एक धागा सुटा राह्यला तर सारं कापड वाया जाते. शेजारच्याले बांधून टाकला मी."

त्यांचं म्हणणं त्यांच्या जागी बरोबर होतं. मागावर लोखंडाला जाऊन संपणारा धागा नसतोच. प्रत्येक धाग्याला समोर एक धागा असतो. जुना ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, संपला की नव्याचा एकेक धागा जुन्याच्या एकेक धाग्याला सांधत जायचं, ओळीनं, हजारो. जोडीदार नसलेला धागा म्हणजे कुठेतरी चूक. बाबांनी त्यांच्या परीनं चूक दुरुस्त केली होती. हे गल्लीतल्या कुणाही विणकरानं केलं असतं.

पण मग मी बाकीचे सांधे उघडले आणि मला चक्रावल्यासारखं झालं. तपकिरी वायर काळीला, हिरवी निळीला. काही बरोबर होते, काही नव्हते. बाबांचं आणि रंगांचं काय नातं होतं ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांना यातलं काही कळणार नाही. लुगड्याच्या काठाचं रेशीम आणायला मला रंगाऱ्याकडे पाठवायचे आणि मी आणलेली लडी दारातच पाहून परत धाडायचे, हा डाळिंबाचा लाल आहे, मी कुंकवाचा सांगितला होता म्हणून. मला तर दोन्ही लालच दिसायचे. असा माणूस हिरव्याला निळी जोडतो? मी विचारलं तर ते म्हणाले, उंदरांनी घाण केली होती, रंग कुठे कळत होते, जागेवरून जोडत गेलो. मला पटलं. तेव्हा सगळंच पटायचं.

मी सगळं कापलं. बाबांचा एकेक सुंदर पीळ कात्रीनं कापला, आणि ते बाजूला उभे राहून पाहत होते. खळीखालचं तांबं हिरवं पडलं होतं, म्हणून तर समोरचे दिवे मरगळले होते. तारा घासून चकचकीत केल्या, रंगाला रंग जोडला, काळ्या वायरीला नवी कडी लावून लोखंड खरवडून स्क्रूखाली आवळली. उंदरांची भोकं काचा आणि मातीनं बुजवली. दिवेलागणीला आई बाहेर आली. मी बटण दाबलं आणि समोरच्या घराची भिंत अशी उजळली की शेजारणीनं डोळ्यांवर पदर घेतला. आईनं हात जोडले. ती रडत होती. मी बाबांना सीटवर बसून ब्रेक दाबायला सांगितला, मागे पळत गेले. दोन्ही बाजूंना लाल, भडक, स्वच्छ लाल. डावा म्हटलं की डावा, उजवा म्हटलं की उजवा. इतका आनंद मला पुढे लग्नातही झाला नाही.

बाबा सीटवरून समोर पाहत होते. "हो," ते म्हणाले, "थोडासा फरक आहे. पण मंदच आहे अजून."

मला राग आला. आमच्या घरात बल्बवरून हीच कटकट मागाच्या दिवसांपासून चालू होती. उजेड कमी पडतो म्हणून मागावरचा बल्ब वरचेवर मोठा होत गेला होता आणि आई विजेच्या नावानं बोटं मोडायची. मी म्हटलं, चला बाहेर, रस्त्यावर पाहू. तलावाच्या बाजूच्या रस्त्यानं निघालो. संधिप्रकाश होता. मी त्यांच्या शेजारी कडेला टेकून बसले होते आणि दिव्याचा उजेड रस्त्यावर दूरवर पडलेला मला दिसत होता, गिट्टीचा खडान् खडा दिसत होता. डाव्या कडेला एक पेरूची हातगाडी उभी होती. पेरूंवर आमचाच उजेड पडला होता. बाबा वेग कमी करेनात. मला वाटलं, आता करतील, आता करतील. मग मी हँडल ओढलं. टेम्पो आडवा जाऊन थांबला, हातगाडीला नुसता घासला. पेरूवाला आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता आणि बाबा त्याच्याकडे पाहण्याऐवजी समोर पाहत विचारत होते, "कुठं होती गाडी? काहून लावली त्यानं अंधारात?"

घरी येईपर्यंत मी टेम्पोच्या पुढे चालत आले. त्यांनी मला तसं पुढे चालू दिलं, यातच काय ते आलं. दारात थांबलो तेव्हा मी त्यांना सीटवरच बसून राहायला सांगितलं. माझा तो बल्ब घेतला, त्याला लांब वायर जोडून बॅटरीला लावला आणि त्यांच्या समोर उभी राहिले. समोर पाहत राहा, म्हटलं, आणि दिसला की सांगा. समोर धरला तेव्हा दिसला म्हणाले. थोडा डावीकडे नेला. ते गप्प. मला वाटलं वायर निसटली, बल्बकडे पाहिलं. तो लागलेला होता, माझी बोटं पिवळी दिसत होती. परत मध्ये आणला, दिसला. उजवीकडे नेला, गेला. खाली नेला, गेला. वर नेला, गेला. मी आठवडेच्या आठवडे वायरींवर जे करत होते तेच करत होते, आहे तिथपासून नाही तिथपर्यंत, आणि मधली जागा कमी करत आणत होते. आणि ती जागा ताटलीएवढी निघाली. आई दारात उभी होती. तिला काही सांगावं लागलं नाही.

"मले वाटलं दिवाच मंद आहे," बाबा म्हणाले. मग हँडल सोडून म्हणाले, "मागावर होतो तवापासून वाटून राह्यलं होतं."

रोग म्हशीला आणि औषध पखालीला म्हणतात, ते आम्ही इमानेइतबारे केलं होतं. धंतोलीला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं तेव्हा बाहेरच्या बाकांवर कुठून कुठून आलेली माणसं बसली होती, चंद्रपूरकडची, यवतमाळकडची, डोळ्यांवर हिरव्या पट्ट्या, मांडीवर भाकरीची फडकी. त्यांच्यातले बरेच जण बरे होऊन जाणार होते, मोतीबिंदूवाले. आम्हाला काचबिंदू सांगितला. डॉक्टर चांगले होते. त्यांनी कागदावर डोळा काढला, त्याच्या मागे मेंदूकडे जाणारी नस काढली आणि समजावलं की ही नस म्हणजे बारीक धाग्यांची दोरी समजा, डोळ्यातला दाब वाढून त्यातले धागे एकेक करून सुकले, तुमच्या नकळत, कडेकडेनं. आता थोडेच राहिले आहेत, आणि तेही दमलेले. बाबांनी त्या दोरीवर बोट ठेवलं.

"सांधता येत नाई का जी?" त्यांनी विचारलं.

डॉक्टर म्हणाले, नाही. राहिलेले धागे तेवढे काही दिवस जपता येतील.

बाबांनी मान हलवली आणि कागद घडी करून खिशात ठेवला, जणू तो आपल्याला दिलेला आहे. बाहेर आल्यावर त्यांनी मला एकच गोष्ट सांगितली. इतकी वर्षं जे सांधायचं काम केलं ते अंगाबाहेर चालतं, अंगाच्या आत चालत नाही. मी त्यांचा हात धरला होता. तो त्या दिवसापासून धरला.

आता माझ्या डोळ्यांतही रोज रात्री थेंब घालतात. हा रोग रक्तातून येतो. माझा वेळेवर सापडला, औषधं आता चांगली आहेत, पण ओळीचा डाव्या बाजूचा पहिला शब्द कधी कधी मला शोधावा लागतो. म्हणून जाड पेन. माझ्या मुलाच्या गाडीला पांढरेफक्क दिवे आहेत, समोरच्याचे डोळे फुटतील असे. मी त्याच्या शेजारी बसते तेव्हा त्याला काही सांगत नाही, पण कडेची हातगाडी मला दिसते की नाही हे मी मनातल्या मनात तपासत असते.

कळमेश्वरची फेरी दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. भिवंडीचा प्रश्नच मिटला; यंत्रमागावर आंधळ्या माणसाला कोण घेतं? मामाचे निरोप बंद झाले. बाबा घरीच राहिले. आम्ही दोघींनी देवाकडे हेच मागितलं होतं, शब्दाला शब्द हेच. आई एका खानावळीत पोळ्या लाटायला जाऊ लागली आणि मी बारावीनंतर त्या कळमेश्वरलाच, विजेच्या मोटारी बनवणाऱ्या कारखान्यात, तारा गुंडाळायला. आंधळ्याच्या दळण्याची ती म्हण आईनं पुन्हा कधी उच्चारली नाही.

टेम्पो विकत न्यायला उमरेडचा एक माणूस आला. दिवस बुडता बुडताच आला; मुद्दामच, दिवे पाहायला. मीच एकेक करून दाखवले. तो पुढे गेला, मागे गेला, वाकला, बोट लावून पाहिलं, आणि म्हणाला की जुन्या गाडीत असं वायरिंग त्यानं पाहिलं नव्हतं, कोणत्या मिस्तरीचं आहे. आई म्हणाली, घरचंच आहे. बाबा ओट्यावर बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून. टेम्पो सुरू झाला तेव्हा त्यांनी आवाजाकडे मान वळवली. इंजिनाचा आवाज गल्लीतून हळूहळू दूर जाऊ लागला.

"मागचा लाल लागला का वं, कुंदा?" त्यांनी विचारलं.

"लागला, बाबा."

गल्लीच्या टोकाशी तो थांबला. ब्रेकचा लाल एकदम तेजाळला, मग डावा इंडिकेटर लागला, डावाच, आणि टेम्पो वळून गेला. आवाजही गेला. आईनं आत बल्ब लावला, तिच्या काचेच्या बांगड्या वाजल्या म्हणजे तिनं हात जोडले असणार. बाबा अजून तिकडेच पाहत होते. मग त्यांनी मान हलवली.

"हां," ते म्हणाले, "आता दिसला. मस्त लाल दिसून राह्यला. काम चांगलं केलं तू."

मी त्यांच्या शेजारी ओट्यावर बसले आणि म्हटलं, हो बाबा, मस्त लाल आहे.